आधी सुधारतो, मग चर्चला येतो?

भावा, हे आधी डोक्यातून काढ. बायबलमधला लूक १५ पुन्हा वाच, बापाचा पैसा उधळून घरी परतलेल्या मुलाची गोष्ट. धाकटा मुलगा काय बोलायचं ते घोकून आला होता, पण 'मला मजुरासारखं ठेवा' हे तोंडून निघायच्या आतच बापाने झगा मागवला.

प्रार्थनेत मोघम 'मी पापी आहे' नको, ते सगळेच म्हणतात. काय केलंस ते नाव घेऊन सांग. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ५१ मोठ्याने वाच; दावीद राजाचं, दुसऱ्याच्या बायकोशी, बथशेबाशी, व्यभिचार केल्यानंतरचं. कुणाचे पैसे बुडवले असशील तर परत कर. बायबलमधल्या जकातदार जक्कयाने कबूल केले तसे चौपट नाही जमले, तर निदान मुद्दल तरी. पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, एकट्याने बोल, सगळ्या मंडळीसमोर उभं राहून आपली साक्ष द्यायची घाई नको. आणि पुन्हा घसरलास तर त्याच रात्री गुडघे टेक, रविवारची वाट बघत बसू नकोस.