नवीन शेड बांधली तरी डुकरं शेपट्या चावतात

प्रश्न: आमचं घर काणकोणला. मे महिन्यात शेजारच्या वाड्यावरून चार डुकरं घेतली, ती तिकडे माडांच्या भाटात मोकळीच फिरायची. मी नवीन शेड बांधली, वर पत्रा, खाली सिमेंट, रोज दोनदा पाईपने धुतो. तरी एकमेकांच्या शेपट्या चावतात, एकाची निम्मी गेली. आणि आमची जुनी दोन, लहानपणापासून शेडमध्येच वाढलेली, ती एकदम शांत. नवीन डुकरांची जातच खराब आहे का? त्यातली एक मादी तर मी आत गेलो की भिंतीला चिकटते.

उत्तर: जातीला दोष देऊ नका हो. ही डुकरं कालपर्यंत दिवसभर नाकाने माती उकरत होती आणि आता नाकाखाली नुसतं सिमेंट, मग समोर हलणारी एकच गोष्ट उरते ती म्हणजे दुसऱ्याची शेपटी. १९८० च्या आसपास एडिनबरोला पाळीव डुकरं मोकळ्या रानात सोडून पाहिलेली, खाणं रोज मिळत होतं तरी उजेडाचा निम्मा वेळ ती उकरण्यात आणि चरण्यातच घालवायची. पोट भरलं म्हणून नाक थांबत नाही.

आणि ज्याला पेंढा कधी मिळालाच नाही त्याच्यापेक्षा, मिळत होता आणि मग बंद झाला, ते डुक्कर जास्त बिघडतं. तुमच्या चौघांचं मातीच्या बाबतीत नेमकं तेच झालंय.

आधी चावलेल्याला वेगळं करा, रक्त दिसलं की बाकीचेही तुटून पडतात. मग भाताचा पेंढा, केळीचा गाबा, नारळाची सोडणं (वरची साल), माडाची चुडतं (झावळ्या) असं काहीतरी रोज ताजं टाका. साखळी बिखळी टांगून ठेवली तर दोन दिवसांत तिचा कंटाळा येतो, त्यांना चावून फाडता येईल असंच हवं. पावसात पेंढा माळ्यावर कोरडा ठेवा, बुरशीचा अजिबात नको. पत्र्यावरही चुडतं घाला, डुकरांना घाम जवळजवळ येतच नाही, आणि उकाड्याने चिडचिड वाढते. एका कोपऱ्यात चिखल करून दिलात तर उत्तमच (धुण्याची हौस तिथे जरा आवरा).

आता ती मादी. आत जाताना तुमच्या हातात पाईप असतो ना? मला शंका त्याचीच आहे, किंवा आधीच्या घरी तिला दोरी टाकून ओढून पकडत असतील, डुकरं असलं विसरत नाहीत, माणूसही ओळखून ठेवतात. आठवडाभर पाईप दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. तुम्ही बादली पालथी घालून दहा मिनिटं बसा, फणसाचे चार गरे पुढ्यात ठेवा, हात पुढे करू नका, ती येऊन हुंगेल तेव्हा हुंगेल.

जुनी दोन शांत आहेत म्हणून खूश आहेत असं धरू नका, कंटाळलेलं डुक्करही नुसतं पडून राहतं. त्यांनाही गाबा टाका आणि बघा कशी उठतात. फक्त नवीन-जुनी एकत्र करू नका आत्ता, मारामाऱ्या होतील.