पंधरा यार्डांचा राग

अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्या वाचकांकडून तरुण क्वार्टरबॅकांच्या, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूंच्या, मैदानावरील वागणुकीबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतली निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : क्वार्टरबॅक स्वतः पळत टचडाऊनला (गोलरेषेपलीकडे) गेला आणि मागे पडलेल्या खेळाडूच्या तोंडापुढे त्याने चेंडू नाचवला. पंचांचा दंडाचा पिवळा रुमाल पडला, पण गुण कायम राहिले. धक्काबुक्की नव्हती, मग दंड कसला? आणि दंड झाला तर गुण कसे राहिले? (पुणे)

उत्तर : अंगाला हात न लावता केलेल्या गैरवर्तनासाठी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या नियमांत वेगळे कलम आहे. प्रतिस्पर्ध्याला डिवचणे, शिवीगाळ, अश्लील किंवा बंदूक झाडल्यासारखे हातवारे, मैदानात हेल्मेट काढणे, पंचांशी हुज्जत हे सगळे त्यात येते. २०१७ पासून आनंद साजरा करण्यावरची बंधने बरीच सैल झाली. आता चार जण मिळून नाचले, जमिनीवर लोळले तरी चालते. मात्र तोच नाच समोरच्याकडे तोंड करून केला की रुमाल पडतो.

दंड १५ यार्डांचा. एनएफएलमध्ये तो सहसा खेळी संपल्यानंतरचा अपराध धरला जातो, म्हणून टचडाऊन टिकतो आणि १५ यार्ड पुढच्या किकऑफवर, म्हणजे गुण मिळवलेला संघ किक मारून चेंडू समोरच्यांना देतो तेव्हा, वसूल होऊ शकतात. मग ३५ यार्डांच्या रेषेऐवजी २० वरून किक मारायची. कॉलेज फुटबॉल इथे जास्त कडक आहे. २०११ पासूनच्या नियमाप्रमाणे गोलरेषा ओलांडण्याआधीच डिवचायला सुरुवात केली, तर टचडाऊनच रद्द होतो आणि दंड त्या जागेपासून मोजतात.

खरा फटका मधल्या मैदानात बसतो. १० यार्ड पुढे सरकायला चार डाऊन, म्हणजे चार संधी, मिळतात. समजा, स्वतःच्या ४० यार्डांवर तिसरा डाऊन आणि अजून ८ यार्ड जायचे आहेत. तेवढ्यात क्वार्टरबॅकची जीभ सुटली. आता चेंडू २५ वर आणि जायचे २३ यार्ड. अशी मजल एका खेळीत क्वचितच मारता येते, म्हणजे बहुधा चौथ्या डाऊनला पंट करून, म्हणजे लांब लाथाडून, चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा. एकाच सामन्यात असे दोन अपराध झाले की खेळाडू बाहेर. हा नियम २०१६ मध्ये आला.

प्रश्न : क्रिकेटमध्ये मॅच फी कापतात, डिमेरिट गुण देतात. कोट्यवधी कमावणाऱ्या या मुलांना दंडाचे काय वाटणार? (ठाणे)

उत्तर : पैशाचे फारसे वाटत नाही, हे खरेच. आयसीसीत दंड मॅच फीच्या टक्केवारीत असतो आणि २४ महिन्यांत चार डिमेरिट गुण झाले की बंदी येते. एनएफएलमध्ये अपराधानुसार ठरलेल्या रकमांची यादी असते आणि दुसऱ्या वेळी रक्कम वाढते. खेळाडूला अपील करता येते. ते ऐकणारे अधिकारी लीग आणि खेळाडू संघटना मिळून नेमतात आणि ते स्वतः माजी खेळाडू असतात.

जॉनी मॅन्झिएलचे उदाहरण घ्या. १८ ऑगस्ट २०१४, वॉशिंग्टनविरुद्धचा सराव सामना. क्लीव्हलँडच्या या २१ वर्षांच्या नवख्याने समोरच्या बाकाकडे पाहून मधले बोट दाखवले. तिथल्या तिथे १५ यार्ड गेले आणि मागाहून १२,००० डॉलर दंड झाला. करार सुमारे ८२ लाख डॉलरचा होता, म्हणजे हा दंड चिल्लरच. पण त्या आठवड्यात पहिला क्वार्टरबॅक कोण, हे ठरायचे होते. दोन दिवसांनी प्रशिक्षकांनी ब्रायन हॉयरचे नाव जाहीर केले. एका बोटामुळे निवड फिरली असे कुणी म्हणू नये, मॅन्झिएलचा खेळही सुमार होता. मात्र वर्षभरापूर्वी कॉलेजात राइस विद्यापीठाविरुद्ध त्याला याच कलमाखाली दंड झाला होता आणि प्रशिक्षकांनी लगेच बाहेर बसवले होते. सवय जुनी होती, ती दिसली.

म्हणून दंडापेक्षा प्रशिक्षकाची शिक्षा लागते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक बेकर मेफिल्डने कॅन्सस विद्यापीठाच्या बाकाकडे अश्लील हातवारे केले. ओक्लाहोमाच्या प्रशिक्षकांनी पुढच्या सामन्यात त्याचे कर्णधारपद काढले आणि सुरुवातीला त्याला बसवून ठेवले. आता हा किस्सा मुलांना धाक म्हणून सांगणारे पुढचे गाळतात : महिन्याच्या आत त्याला हाइझमन ही कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी मिळाली आणि एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात त्या २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तोच पहिला निवडला गेला.

प्रश्न : पाय घसरवून बसण्याचे नाटक करणे हे कौशल्य की लबाडी? (नाशिक)

उत्तर : लबाडी. क्वार्टरबॅक खाली बसू लागला की बचावपटूने अंग आवरायचे, नाहीतर त्यालाच दंड होतो. त्या संरक्षणाचा गैरफायदा घेऊन कॉलेजचा क्वार्टरबॅक केनी पिकेटने ४ डिसेंबर २०२१ ला वेक फॉरेस्ट विद्यापीठाविरुद्ध बसल्यासारखे केले आणि ५८ यार्ड धावून टचडाऊन केला. काही दिवसांतच कॉलेज फुटबॉलने असे नाटक केले की खेळी तिथेच संपेल असे ठरवले. बचावपटूचा भरवसा उडाला, तर पुढच्या वेळी खरेच खाली बसणाऱ्या क्वार्टरबॅकच्या बरगड्या मोडतील, हे त्यामागचे साधे कारण.

प्रश्न : सामन्यानंतर पत्रकारांशी उद्दाम बोलणे नियमात बसते का? मग त्यावरून खेळाडूला बसवतात कसे? (कोल्हापूर)

उत्तर : त्यासाठी यार्ड कापत नाहीत, पण संघातली पत जाते. २० नोव्हेंबर २०२२ ला एनएफएलमधला जेट्स संघ न्यू इंग्लंडकडून १०-३ हरला. जेट्सच्या बचावफळीने फक्त तीन गुण दिले होते, निर्णायक टचडाऊन शेवटच्या सेकंदांत पंट परतवून झाला. त्यांचा २३ वर्षांचा क्वार्टरबॅक झॅक विल्सनने २२ पैकी ९ पास पुरे करून जेमतेम ७७ यार्ड मिळवले होते. बचावफळीला तुम्ही तोंडघशी पाडले का, असे विचारल्यावर तो सरळ ‘नाही’ म्हणाला. पुढच्या सामन्यात त्याच्या जागी माइक व्हाइट उतरला, विल्सनचे नाव खेळणाऱ्यांतही नव्हते. नंतर त्याने सहकाऱ्यांची माफी मागितली. खराब खेळ ड्रेसिंग रूम पोटात घालते, पण ‘माझे काही चुकले नाही’ हे नाही. त्याच्यासाठी अंगावर धक्के झेलणारे पाच लाइनमन तिथेच बसलेले असतात.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा, हायस्कूल संघाचा क्वार्टरबॅक. पास अडवला गेला की चेंडू आपटतो, पंचांवर ओरडतो. काय करावे? (न्यू जर्सी)

उत्तर : आधी नियम सांगा. हायस्कूलमध्येही असे दोन अपराध म्हणजे सामन्याबाहेर, आणि अनेक राज्यांत पुढचा सामनाही जातो. पांढरी टोपी घातलेला मुख्य पंच आक्रमणाच्या मागे उभा असतो आणि क्वार्टरबॅकवर लक्ष ठेवणे हेच त्याचे काम. पुटपुटलेलेही त्याला ऐकू जाते.

‘शांत राहा’ हा सल्ला उपयोगाचा नाही, कारण त्यात करण्यासारखे काही नाही. हाताला काम द्या. शिट्टी झाली की चेंडू जवळच्या पंचाच्या हातात द्यायचा, फेकायचा नाही. मग हनुवटीचा पट्टा चाचपायचा, एक लांब श्वास सोडायचा आणि बाकाकडे पाहून पुढची खेळी घ्यायची. हा क्रम सरावातही दर वेळी, चांगल्या खेळीनंतरसुद्धा पाळायला हवा. फक्त रागात आठवायचा म्हटले तर आठवत नाही.

घाई का, तेही समजावा. एनएफएलमध्ये दोन खेळींच्या मध्ये ४० सेकंद असतात आणि १५ सेकंद उरले की हेल्मेटमधला प्रशिक्षकाचा आवाज बंद होतो. म्हणजे पुढची खेळी ऐकायला जेमतेम २५ सेकंद. त्यांतले दहा भांडणात गेले की खेळीचे नाव अर्धेच कानावर पडते आणि चुकीची रचना लागते. मग दुसरा पासही अडवला जातो.

पंचांशी बोलायचे तर कर्णधार म्हणून, थांबलेल्या वेळेत आणि प्रश्न विचारून : “सर, डाव्या बाजूला जर्सी धरली जातेय, पाहाल का?” ‘तुम्हाला दिसत नाही का’ म्हटले की संपले. पास समोरच्याने झेलून अडवला की आपटायला वेळच नसतो, चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायला धावायचे असते. चित्रफीत पाहताना शिट्टीनंतरचे पाच सेकंदही पाहा. मुले स्वतःला असे पाहून लाजतात, ओरडावे लागत नाही.

आणि स्टँडमधून तुम्ही पंचांच्या नावाने ओरडत असाल, तर आधी ते थांबवा.