कोमट, ऊन, गरम, कढत यांत नेमका फरक काय? किती डिग्रीला कोमट संपतं?

डिग्रीत उत्तर मिळणार नाही. मी थर्मामीटर घेऊन बसलेली बाई आहे म्हणून सांगते.

लग्नानंतरचा पहिला दसरा, श्रीखंडासाठी चार लिटर दूध आणलेलं. सासूबाई झोपायला जाताना म्हणाल्या, "दूध ऊन असतानाच विरजण लाव." आमच्या माहेरी ऊन म्हणजे ऊन ऊन भात, वाफ निघणारा, फुंकर मारून खायचा. मी तसंच धरलं, पातेलं उतरवलं, दहा मिनिटं थांबले आणि विरजण घातलं. सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं आणि तळाला विरजणाची गुठळी, दोन्हीकडची माणसं जेवायला यायची होती, शेवटी नवऱ्याने डेअरीतून चक्का आणला. आणि अकरा वर्षं झाली तरी "हिला दही लावता येत नाही" हे चालूच आहे!

मागच्या वर्षी थर्मामीटर घेतला. सासूबाईंनी करंगळी बुडवून "हं, आता ऊन आहे" म्हटलं की लगेच बघायचं. 41, 42, एकदा 43. अहो याला कोमट म्हणतात! पंचावन्न-साठच्या पुढे विरजण मरतं, माझं दूध नक्की त्याच्या वर असणार. मग मुद्दाम त्यांचा अर्धा प्यालेला चहा मोजला, तोही 41. त्यावर काय म्हणाल्या? "गार झालाय गं, गरम करून आण."

म्हणजे तेच 41, दुधात ऊन, चहात गार. शब्द आकड्याला चिकटत नाही, त्या वस्तूकडून आपली अपेक्षा काय यावर ठरतो. कोमट चहा ही तक्रार असते, गुळण्यांना कोमट पाणी म्हणजे बरोब्बर. क्रम विचाराल तर कोमट, ऊन, गरम, कढत, उकळतं. कढत पाणी गरम असतंच, पण कुणी नुसतं "गरम आहे" म्हटलं की आपण कढत नसणार असं धरून बिनधास्त हात घालतो आणि पोळतो. त्यामुळे बादली काढून देणाऱ्याने कढत असेल तर कढतच म्हणावं.

हे माझ्या माहेरचं आणि सासरचं झालं, तुमच्याकडे ऊन आणि कोमट एकच असेल तर असो. पण नव्या सुनेला विरजण सांगताना ऊन म्हणू नका, तिची करंगळी दुधात बुडवून दाखवा. मला कुणी दाखवली नव्हती, हे नवऱ्याला अजून पटत नाही, तो म्हणतो "आईने सांगितलं होतं ना".