इंग्रजीत 'फ्यू', 'अ फ्यू', 'लिटल' आणि 'अ लिटल' यांतला नेमका शब्द कसा निवडावा?

आपण विचारले आहे की, या चारही शब्दांचा अर्थ 'थोडे' असाच दिसत असताना परीक्षेत त्यांपैकी एकच उत्तर बरोबर कसे ठरते, आणि 'लेस' व 'फ्युअर' यांचे काय करायचे. येथे दोन निर्णय स्वतंत्रपणे घ्यावे लागतात. ते एकाच दमात घेतले की चूक होते, असा माझा शिकवण्याचा अनुभव आहे.

पहिला निर्णय नामाविषयीचा आहे आणि तो तुलनेने सोपा आहे. अनेकवचनी नामापुढे 'फ्यू' येतो. ज्याला इंग्रजीत अनेकवचनच नाही, त्यापुढे 'लिटल'. मात्र मोजणी इंग्रजीच्या हिशेबाने करावी, मराठीच्या नव्हे. आपण दोन बातम्या, चार सल्ले सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र 'न्यूज', 'अ‍ॅडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज' ही नामे मोजली जात नाहीत. म्हणून 'अ फ्यू अ‍ॅडव्हायसेस' चूक आणि 'अ लिटल अ‍ॅडव्हाइस' बरोबर. अशी नामे पाठच करावी लागतात.

खरी अडचण दुसऱ्या निर्णयात, म्हणजे आधी 'अ' लावायचा की नाही यात आहे, कारण तेथे प्रमाणापेक्षा बोलणाऱ्याचा रोख महत्त्वाचा असतो. 'आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स इन पुणे' म्हणणारा माणूस पुण्यात आपले काही मित्र आहेत, असे सांगतो. 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स इन पुणे' म्हणणारा आपल्याला तेथे फारसे मित्र नाहीत, असे सांगतो. दोघांचेही मित्र तीनच असू शकतील. पहिल्याचे बोलणे होकारार्थी आहे आणि दुसऱ्याचे जवळजवळ नकारार्थी. हे केवळ भावनेचे नाही, व्याकरणही त्याला साक्ष देते: 'फ्यू पीपल न्यू अबाउट इट' या वाक्याला 'डिड दे?' अशी प्रश्नार्थक शेपटी (क्वेश्चन टॅग) लागते, 'डिडन्ट दे?' अशी नाही, म्हणजे इंग्रजी भाषा स्वतःच त्या वाक्याला नकारार्थी समजते. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांतही हाच भेद आहे. त्यामुळे विनाउपपद, म्हणजे आधी 'अ' नसलेला, 'फ्यू' किंवा 'लिटल' दिसला, की मी विद्यार्थ्यांना मराठीत 'फारसे नाही' असे वाक्य करून पाहायला सांगतो. बोलताना इंग्रज लोकसुद्धा बहुधा 'नॉट मेनी', 'नॉट मच' असेच म्हणतात. नुसता 'फ्यू' लिखाणात अधिक शोभतो.

दोन ठरीव प्रयोग वेगळे लक्षात ठेवावेत. 'ओन्ली अ फ्यू' म्हणजे मोजकेच. मात्र 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

'फ्युअर' हे 'फ्यू'चे आणि 'लेस' हे 'लिटल'चे तुलनात्मक रूप आहे, त्यामुळे 'फ्युअर बुक्स', 'लेस वॉटर' हा नियम सरळच निघतो. परंतु अंतर, पैसा किंवा काळ ही एकसंध राशी मानली जाते, म्हणून 'लेस दॅन 500 रुपीज' आणि 'लेस दॅन टू वीक्स' हेच शुद्ध आहे. मोजता येणाऱ्या नामांबरोबर 'लेस' नको, हे मत 1770 मध्ये इंग्रजीच्या वापरावर लिहिणारे रॉबर्ट बेकर यांनी स्वतःची पसंती म्हणून मांडले होते. त्याआधी शतकानुशतके 'लेस' तसा वापरला जातच होता. म्हणून दुकानातल्या '10 आयटम्स ऑर लेस' या पाटीवर चिडणाऱ्यांची बाजू मला फारशी भक्कम वाटत नाही. परीक्षेत मात्र बेकर यांचेच ऐकावे.

रिकाम्या जागेचा प्रश्न आला, तर वाक्याचा उत्तरार्ध आधी वाचावा. 'देअर वर … सीट्स लेफ्ट' यापुढे 'सो मोस्ट ऑफ अस हॅड टू स्टँड' असेल तर 'फ्यू', आणि 'सो वी सॅट डाउन' असेल तर 'अ फ्यू'.