सही, फोटो आणि सातबारा : मारधाडपटांच्या पुढच्या भागांविषयी वाचकांचे प्रश्न

मारधाडपटांचे पुढचे भाग आणि त्यांचे रिमेक या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. उत्तर देणारा समीक्षक नाही. तिकीट काढून, शक्यतो मागच्या रांगेत बसून चित्रपट पाहणारा साधा प्रेक्षक आहे, आणि वाचकांनी त्याच्या मतांना तेवढेच वजन द्यावे.

प्रश्न : ‘सिंघम’ टीव्हीवर लागला की आम्ही उभयता आजही हातातले काम सोडून बसतो. ‘सिंघम अगेन’मध्ये मात्र नट आणि गाड्या कितीतरी अधिक असूनही मध्यंतरानंतर जांभया येऊ लागल्या. दोष आमच्या वयाचा की चित्रपटाचा? — एक वाचक, सांगली

उत्तर : वयाचा निश्चितच नाही. २०११च्या ‘सिंघम’मध्ये नायक आणि खलनायक यांची पहिली ठिणगी कशावरून पडते, ते आठवून पाहावे. जयकांत शिक्रेला जामिनाच्या अटीप्रमाणे शिवगडच्या पोलीस ठाण्यात सहीसाठी हजेरी लावायची असते. तो स्वतः न येता आपली माणसे पाठवतो आणि बाजीराव सिंघम हट्टाने त्यालाच यायला लावतो. तेथे गावकऱ्यांसमोर झालेला पाणउतारा शिक्रेच्या जिव्हारी लागतो, म्हणून तो सिंघमची बदली आपल्या मुलुखात, म्हणजे गोव्यात, करवून घेतो. एका सहीवरून पेटलेले हे भांडण आहे आणि पुढची प्रत्येक हाणामारी त्या सहीचीच वसुली आहे, त्यामुळे हवेत उडणाऱ्या गाड्याही आपण खपवून घेतो. हे श्रेय अर्थातच ‘सिंगम’ या २०१०च्या मूळ तमिळ चित्रपटाला आधी द्यायला हवे. खलनायक प्रकाश राज तर दोन्हीकडे तेच आहेत. तरीही रोहित शेट्टी यांनी ती गोष्ट मराठी गावात आणून रुजवली, आणि हवालदाराच्या वेशातले अशोक सराफ पाहून आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते वातावरण ओळखीचे वाटले.

२०२४च्या दिवाळीत आलेल्या भागात सिंघमच्या पत्नीचे अपहरण होते, तिला श्रीलंकेत नेले जाते आणि रामायणातील एकेक भूमिका एकेका पोलीस अधिकाऱ्याच्या वाट्याला येते. कथा प्रेक्षकाला पाठ असल्याने पुढे काय होणार याची हुरहुर उरत नाही. शिवाय रणवीर सिंग, अक्षय कुमार, दीपिका पदुकोण आणि टायगर श्रॉफ या प्रत्येकाला रीतसर प्रवेश, त्यामागे संगीत आणि त्यापुढे संथ चाल द्यावी लागते. पाहुण्यांची सरबराई करता करता नवऱ्या मुलाकडेच कोणाचे लक्ष नसावे, तसे सिंघमचे झाले आहे.

प्रश्न : ‘वॉर २’ला जायचे म्हटल्यावर चिरंजीवांनी आधी पाहायच्या चित्रपटांची यादीच हातात दिली. एवढा अभ्यास खरोखर आवश्यक आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. २०१२च्या ‘एक था टायगर’पासून २०२५च्या ‘वॉर २’पर्यंतचे गुप्तहेरपट एका साखळीत ओवलेले असले, तरी फार तर २०१९चा ‘वॉर’ पाहिलेला असावा, आणि तोही कबीर हे पात्र ठाऊक असावे म्हणून. या साखळीने खरा आनंद एकदाच दिला, तो ‘पठाण’मध्ये : सगळी पळापळ आटोपल्यावर शाहरुख आणि सलमान शेजारी बसून, आता थांबावे का, असे एकमेकांना विचारतात, तेव्हा दोन पात्रांऐवजी तीसेक वर्षे पडद्यावर राबलेले दोन नट बोलत असल्यासारखे वाटते. बाकी बहुतेक ठिकाणी देश वाचवायचा असतो आणि तो वाचणार हे सर्वांना ठाऊक असते.

प्रश्न : ‘मुळशी पॅटर्न’ पाहिलेल्या माणसाने ‘अंतिम’ पाहावा का? आमच्या घरी यावर दोन तट पडले आहेत. — एक वाचक, भोर

उत्तर : पाहावा, पण ‘अंतिम’ हा ‘मुळशी पॅटर्न’चा हिंदी रिमेक असला, तरी तोच चित्रपट पुन्हा पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. प्रवीण तरडे यांच्या २०१८च्या चित्रपटाचा कणा म्हणजे जमीन. पुण्याच्या वेशीवरच्या जमिनींना भाव येतो, शेतकरी सातबारा दुसऱ्याच्या नावावर करून देतो, पैसा येतो तसा जातो, आणि एकेकाळचा जमीनमालक शहरात येऊन बाजारात हमाली करू लागतो. मोहन जोशी यांनी उभा केलेला बाप आणि ओम भूतकर यांनी साकारलेला त्याचा मुलगा राहुल्या यांच्यातला ताण त्या गेलेल्या जमिनीचा आहे. राहुल्या कोयता उचलतो तेव्हा त्याला नायक म्हणवत नाही आणि खलनायक म्हणायला जीभ रेटत नाही. चित्रपटाची सगळी ताकद त्या अडचणीत आहे. उपेंद्र लिमये यांचा पोलीस निरीक्षक भरभक्कम असला, तरी तो या गोष्टीत बाहेरून आलेला माणूस आहे आणि दिग्दर्शकाने त्याला त्याच्या जागी ठेवले आहे.

महेश मांजरेकर यांच्या २०२१च्या ‘अंतिम’मध्ये त्या निरीक्षकाच्या जागी सलमान खान यांनी साकारलेला राजवीर सिंग हा शीख अधिकारी येतो, आणि एवढ्या मोठ्या ताऱ्याला बाहेरचा माणूस म्हणून कोपऱ्यात उभे करता येत नाही. त्याला प्रवेश हवा, उपहासाची वाक्ये हवीत, आयुष शर्मा यांच्या राहुल्याशी उघड्या अंगाने झुंज हवी. झुंज पाहायला वाईट नाही. मात्र या दोघांत वैयक्तिक खुन्नस कोणतीच नाही. अधिकाऱ्याची जमीन गेलेली नाही, त्याचा बाप हमाली करत नाही, त्यामुळे ठोसे जोरात बसतात आणि आपल्याला काहीच लागत नाही. जेथे मांजरेकर बाप-लेकाकडे वळतात, तेथे चित्रपट पुन्हा सावरतो, कारण सचिन खेडेकर यांचा बाप शब्दांवाचूनही बोलतो. एक गंमत नजरेतून सुटू नये : मराठीत पोलीस असलेले उपेंद्र लिमये हिंदीत टोळीच्या बाजूला जाऊन बसले आहेत आणि मूळ चित्रपटात स्वतः तरडे यांनी केलेला नन्या भाई साकारतात. तेव्हा आपल्या घरातील दोन्ही तटांना थोडे थोडे खरे म्हणावे लागेल, परंतु एकच संध्याकाळ मोकळी असेल तर ती ‘मुळशी पॅटर्न’ला द्यावी.

रिमेक कसा टिकवावा याचे जुने घरचे उदाहरण द्यायचे, तर ते निशिकांत कामत यांचे. २००५च्या ‘डोंबिवली फास्ट’मधला माधव आपटे हा बँकेत नोकरी करणारा, लोकलने ये-जा करणारा सरळमार्गी माणूस; दुकानदार थंड पेयाच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागतो आणि आपटेचा संयम सुटून तो बॅट उचलतो. कामत यांनी स्वतःच २००७मध्ये तमिळमध्ये ‘एवनो ओरुवन’ केला, संदीप कुलकर्णी यांच्या जागी माधवन आले, शहर बदलले, पण गाऱ्हाणे तेवढेच क्षुल्लक आणि तेवढेच खरे राहिले. पुढे तमिळ ‘काखा काखा’वरून ‘फोर्स’ आणि एका कोरियन चित्रपटावरून ‘रॉकी हँडसम’ हे मारधाडपट त्यांनीच केले. ते अधिक देखणे असतील, पण आपटेची बॅट त्यांत नाही.

प्रश्न : दक्षिणेकडच्या चित्रपटांचे हिंदी रिमेक पूर्वी धो धो चालत. मग ‘बेबी जॉन’सारखे चित्रपट का आपटतात? — एक वाचक, नागपूर

उत्तर : २००६चा तेलुगू ‘पोकिरी’, २००७चा तमिळ ‘पोक्किरी’ आणि २००९चा हिंदी ‘वाँटेड’ यांत एकच गोष्ट आहे, आणि तिन्हीकडे प्रकाश राजच खलनायक आहेत, तरीही आपल्याकडच्या बहुतेकांनी पहिले दोन पाहिलेले नव्हते, म्हणून शेवटचा धक्का शाबूत राहिला. आज मूळ चित्रपट डबिंगसह घरात येऊन बसलेला असतो. मूळ तमिळ ‘थेरी’ २०१६चा, त्यावरचा ‘बेबी जॉन’ २०२४च्या नाताळातला. मधल्या आठ वर्षांत उत्सुकता शिल्लक राहावी कशी? ‘विक्रम वेधा’चे हिंदी रूप मूळ दिग्दर्शकद्वयानेच केले आणि ते नेटकेही होते, पण तमिळ चित्रपट पाहिलेल्यांना त्यात नवे काही फारसे मिळाले नाही.

तमिळ ‘कैथी’ (२०१९) आणि त्याचा हिंदी रिमेक ‘भोला’ (२०२३) हे दोन्ही लागोपाठ पाहिले, तर आणखी एक कारण सापडते. तमिळमध्ये सुटका झालेला कैदी कधीही न पाहिलेल्या आपल्या मुलीला भेटायला निघालेला असतो, आणि बेशुद्ध पोलिसांनी भरलेला ट्रक चालवण्याची जबाबदारी त्याच्या गळ्यात पडते. एक रात्र, एक ट्रक. गाणे नाही, नायिका नाही. मागे माणसे मरणाच्या दारात पडलेली असल्याने त्याला पळता येत नाही, म्हणून तो लढतो. ‘भोला’मध्ये त्रिशूळ आला, गाणे आले, पूर्वायुष्यातली प्रेमकथा आली, त्रिमिती आली, आणि ट्रक मागे पडला. अजय देवगण यांनी दिग्दर्शनात मेहनत घेतलेली दिसते. तब्बूही चोख आहेत. मात्र रात्र फार लवकर सरेल की काय, ही ‘कैथी’तली धाकधूक येथे कोठेच जाणवली नाही.

प्रश्न : आमच्या घरात निम्मी माणसे तेलुगू बोलतात. ‘पुष्पा २’ तीन तास वीस मिनिटे बसून पाहण्याजोगा आहे का, आणि कोणत्या भाषेत पाहावा? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : पहिले दोन तास निश्चित पाहण्याजोगे आहेत, आणि त्याचे कारण एक फोटो आहे. श्रीवल्ली नवऱ्याला, म्हणजे रक्तचंदनाचा तस्कर असलेल्या पुष्पाला, सांगते की, मुख्यमंत्र्यांना भेटाल तेव्हा त्यांच्यासोबत एक फोटो काढून आणा. मुख्यमंत्री तस्कराबरोबर फोटो काढायला नकार देतात, आणि पुष्पा मुख्यमंत्रीच बदलायला निघतो. कोट्यवधींचे रक्तचंदन, सिंडिकेट, दिल्ली हे सगळे त्या न निघालेल्या फोटोभोवती फिरते. बायकोने मागितलेली एवढीशी वस्तू मिळाली नाही, ही खंत कोणालाही कळते. गंगम्माच्या जत्रेत साडी नेसून अल्लू अर्जुन यांनी केलेले नृत्य आणि त्याला जोडून येणारी हाणामारी हा भाग तर मोठ्या पडद्यासाठीच घडवलेला होता. त्यानंतर पुतणीच्या अपहरणाचे प्रकरण सुरू होते, हातपाय बांधलेल्या अवस्थेत पुष्पा दातांनी लढतो, आणि चित्रपट ताणल्यासारखा वाटू लागतो. तेथे चहा टाकायला उठले तरी बिघडत नाही.

भाषेचे म्हणाल, तर हिंदीत पुष्पाला श्रेयस तळपदे यांचा आवाज आहे आणि तो नुसता चिकटवलेला वाटत नाही. एका बाजूला झुकलेल्या त्या खांद्याला शोभेल असा खालचा, किंचित घोगरा स्वर त्यांनी लावला आहे. तरीही चित्तूरकडची बोली हा या पात्राचा अर्धा जीव आहे आणि ती हिंदीत उतरत नाही. घरात ती बोली समजणारी माणसे असताना आपण तेलुगू आवृत्ती लावावी आणि अडेल तेथे त्यांनाच विचारावे.