वल्हवायला निघण्यापूर्वी : मोफत सागरी नकाशे आणि वेपॉइंट

प्रश्न : आम्ही काही मित्र कयाक घेऊन किनाऱ्यालगत फिरतो. आमच्या साध्या जीपीएस यंत्रात नकाशा दिसत नाही, फक्त वेपॉइंट, म्हणजे ठरावीक जागांचे अक्षांश-रेखांश, साठवता येतात. घरी संगणकावर मार्ग आखून ते आधीच भरून ठेवावेत असा विचार आहे. त्यासाठी विनामूल्य सागरी नकाशे इंटरनेटवर कोठे मिळतील आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे?

उत्तर : हे तुम्ही कोणत्या देशाच्या पाण्यात वल्हवणार यावर अवलंबून आहे, कारण अधिकृत सागरी नकाशे मुख्यतः त्या त्या देशाची जलसर्वेक्षण संस्था तयार करते आणि ते फुकट द्यायचे की विकायचे हेही तेथेच ठरते. अमेरिकेची ‘नोआ’ ही संस्था आपल्या किनाऱ्यांचे इलेक्ट्रॉनिक नकाशे कोणालाही विनामूल्य उतरवून घेऊ देते. पारंपरिक कागदी नकाशांची मालिका तिने आता बंद केली असली, तरी ‘नोआ कस्टम चार्ट’ या सुविधेत हवा तो भाग आणि हवे ते प्रमाण निवडून छापण्याजोगी पीडीएफ तयार करता येते. न्यूझीलंडचे नकाशेही मोफत मिळतात. ब्रिटनचे अधिकृत नकाशे मात्र विकत घ्यावे लागतात. जेथे अधिकृत नकाशा फुकट नाही तेथे बरेच जण ‘ओपनसीमॅप’कडे वळतात. स्वयंसेवकांनी भरलेल्या या नकाशात दीपगृहे, बोये (पाण्यावर तरंगत्या खुणा) आणि बंदरे यांची माहिती पुष्कळ ठिकाणी चांगली असते. पण पाण्याची खोली आणि बुडालेले खडक यांसाठी केवळ त्याच्यावर भिस्त ठेवू नये, असे माझे मत आहे.

नकाशा उघडून त्यावर मार्ग आखण्यासाठी ‘ओपनसीपीएन’ हा विनामूल्य प्रोग्राम पुरेसा आहे. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, नोआचे इलेक्ट्रॉनिक नकाशे थेट वाचतो आणि आखलेला मार्ग जीपीएक्स फाइलच्या (जीपीएस यंत्रांसाठीच्या मार्ग-बिंदूंच्या फाइलच्या) रूपात बाहेर काढून देतो. तुमचे यंत्र अशी फाइल घेत असेल, तर आकडे हाताने भरण्याच्या फंदात पडू नका.

हाताने भरावेच लागले, तर यंत्र अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीने मागते ते आधी पाहा. नकाशावर ३० मिनिटे ४५ सेकंद असे वाचले आणि यंत्रात ३०.४५ मिनिटे असे भरले, तर ते चूक आहे, कारण ४५ सेकंद म्हणजे पाऊण मिनिट, म्हणून आकडा ३०.७५ हवा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. त्यामुळे वरवर किरकोळ दिसणाऱ्या या घोटाळ्याने तुमचा बिंदू साडेपाचशे मीटरांहून अधिक सरकतो. तितक्या अंतरात खाडीचे तोंड चुकू शकते. नकाशा आणि यंत्र यांचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार, एकच आहे ना, हेही तपासावे. आजचे बहुतेक नकाशे डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या डेटमवर किंवा त्याच्याशी व्यवहारात जुळणाऱ्या डेटमवर असतात. जुन्या कागदी नकाशांच्या स्कॅन केलेल्या प्रती मात्र वेगळ्या डेटमवर असू शकतात आणि त्यांवरून घेतलेला बिंदू कित्येक मीटर, काही ठिकाणी शंभर मीटरांच्या आसपास, बाजूला पडतो.

आता विसंबण्याविषयी. सागरी नकाशे जहाजांसाठी काढलेले असतात. जहाज जेथे कधी येणार नाही अशा उथळ पाण्यात खोलीचे आकडे विरळ असतात आणि कधी कधी फार जुन्या सर्वेक्षणातले असतात. कयाक नेमकी तेथेच फिरते. म्हणून किनाऱ्यालगतचा भाग उपग्रह छायाचित्रातही पाहून घ्यावा. अर्थात ते छायाचित्र भरतीच्या वेळचे की ओहोटीच्या वेळचे हे सहसा कळत नाही, तेव्हा त्यात पाणी दिसले म्हणून तेथे कायम पाणी असते असे समजू नये. नकाशावरची खोली ओहोटीच्या खालच्या पातळीपासून मोजलेली असते आणि ज्या आकड्याखाली रेघ आहे ती जागा ओहोटीला उघडी पडते, असा सर्वसाधारण संकेत आहे. वल्हवणाऱ्याला या रेघेच्या आकड्यांइतके उपयोगी दुसरे फारसे काही नकाशावर नसते. खोली मीटरमध्ये आहे, फुटांत आहे की फॅदममध्ये, हेही वाचून घ्यावे. एक फॅदम म्हणजे सहा फूट.

वेपॉइंट थोडेच ठेवा, पण विचाराने निवडा : निघण्याची जागा, भूशिरांची टोके, मोठे पाणी ओलांडायला सुरुवात करायची ती जागा आणि वारा वाढला तर किनाऱ्याला लागता येईल अशा एक-दोन वाळूच्या पुळणी. यंत्र दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ ओढते, मध्ये जमीन आहे की खडक याची त्याला कल्पना नसते. म्हणून भूशिराला वळसा घालताना बिंदू टोकावर न ठेवता बाहेर, लाटा फुटतात त्या पट्ट्यापलीकडे ठेवावा. बोयावरही बिंदू ठेवू नये, कारण तेथे इतर नौका त्याच दिशेने येत असतात. यंत्रातील दिशा खऱ्या उत्तरेप्रमाणे आहेत की होकायंत्र दाखवते त्या चुंबकीय उत्तरेप्रमाणे, हे पाहून त्या कयाकवरच्या होकायंत्राशी जुळवून घ्याव्यात.

सर्व बिंदू भरून झाल्यावर यंत्राने दाखवलेले प्रत्येक दोन बिंदूंमधले अंतर आणि दिशा नकाशावर मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहावी. चुकीचा भरलेला आकडा बहुधा येथेच उघडकीस येतो. तेच आकडे छापील नकाशाच्या कडेला लिहून तो जलरोधक पिशवीत घालावा आणि कयाकच्या डेकवर समोर बांधावा, म्हणजे यंत्राची बॅटरी संपली तरी होकायंत्रावर मार्ग काढता येईल.