त्यांचं आयुष्य बदललं, मग माझं का नाही?

प्रश्न : ताई, श्रद्धेमुळे आयुष्य पालटलेल्या माणसांच्या गोष्टी मी रात्री वाचते. डोळे भरून येतात. उद्यापासून आपणही बदलायचं असं ठरवून झोपते. सकाळी भावाचा फोन वाजला, की तो उचलावासा वाटत नाही. आईच्या आजारपणात तो फिरकला नाही, हे मनातून जातच नाही. माझी श्रद्धाच खोटी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. खोटी असती, तर न उचललेला फोन तुम्हाला असा टोचत राहिला नसता.

अशा गोष्टींत बहुतेक वेळा मधली वर्षं गाळलेली असतात. जॉन न्यूटन हा गुलामांच्या व्यापारात वावरलेला इंग्रज खलाशी. १७४८ मध्ये वादळात जहाज बुडायला आलं, त्यानं देवाचा धावा केला आणि तो वाचला. सांगणारे इथेच थांबतात. पण त्यानंतरही तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता! १७५४ मध्ये समुद्र सुटला, तोही आजारपणामुळे. पुढे तो धर्मोपदेशक झाला. त्या व्यापाराविरुद्ध त्यानं पुस्तिका लिहिली ती १७८८ मध्ये. वादळानंतर चाळीस वर्षांनी. त्या कप्तानकीच्या काळात जहाजाच्या तळाशी माणसं साखळदंडात होती, म्हणून या उशिराचं कौतुक मी करणार नाही. पण माणूस खरोखर कसा बदलतो, हे मला वादळापेक्षा त्या चाळीस वर्षांत जास्त दिसतं. तुम्ही मात्र स्वतःला एका रात्रीची मुदत देता.

दुसरा माणूस इग्नेशियस लोयोला, पुढे ख्रिस्ती संत म्हणून ओळखला गेलेला स्पॅनिश लढवय्या. १५२१ मध्ये तोफगोळ्यानं पाय मोडून तो अंथरुणाला खिळला. त्याला हव्या होत्या शूर सरदारांच्या कथा. घरात मिळाली ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पडल्या पडल्या त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण मागाहून मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगायचा विचार केला, की ती प्रसन्नता नंतरही टिकायची. वाचताना काय वाटतं यापेक्षा पुस्तक मिटल्यावर काय उरतं, हे तो पाहू लागला.

तुम्हीही रोज नवी गोष्ट वाचू नका. एकच घ्या, पुन्हा वाचा, आणि डोळे नेमके कोणत्या ओळीला भरतात ते पाहा. माझा अंदाज, ती ओळ क्षमेची असेल. क्षमेच्या गोष्टींत राग पटकन विरघळून जातो. तुमचा तसा विरघळणार नाही, आणि त्यासाठी स्वतःला पापी ठरवायचं कारण नाही. आईच्या उशाशी तुम्ही एकट्या होतात, हे खरंच घडलंय. क्षमा करायची म्हणजे ते गिळून गोड बोलायचं, असं नव्हे.

पुढचा फोन उचला आणि त्याला सरळ सांगा, ‘तू आला नाहीस याचा मला अजून राग आहे. तरी बोल, मी ऐकतेय.’ एवढ्यावर फोन ठेवावासा वाटला, तर खुशाल ठेवा. तो काय म्हणाला, ते मला जरूर कळवा.